उणे चाळीस अंशांवरचं रसायन

पेनिसिलिनचा रेणू दोन ठिकाणी तुटू शकतो. एक ठिकाण कारखान्याला तोडायचं असतं, दुसरं काही झालं तरी जपायचं असतं. अडचण अशी की आम्ल घाला किंवा अल्कली, आधी तुटतं ते जपायचं ठिकाण. चार अणूंचं ते ताणलेलं कडं, बीटा-लॅक्टम. जिवाणूला मारण्याची सारी ताकद त्या कड्यात आहे, आणि तेच नाजूक आहे. बाजूची साखळी मात्र चिवट. ती काढली की हाती लागतं ६-एपीए. त्याला वेगळ्या साखळ्या जोडल्या की अँपिसिलिन होतं, अमॉक्सिसिलिन होतं. घसा धरला की डॉक्टर लिहून देतात त्या कॅप्सूलचा गाभा हाच.

चिवट साखळी काढायची आणि नाजूक कडं वाचवायचं, यासाठी रसायनशास्त्राने एक अवघड वाट शोधली. आधी रेणूच्या आम्लगटावर सिलिकॉनचं एक तात्पुरतं संयुग चढवून तो झाकायचा. मग डायक्लोरोमिथेनमध्ये, उणे ४० अंश सेल्सिअसला, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि डायमिथिल अ‍ॅनिलीन घालायचं. पुढे ब्यूटेनॉल, आणि शेवटी पाणी. थेंबभर पाणी वेळेआधी शिरलं तर पेंटाक्लोराइडमधून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. दुसरी वाट एका एंझाइमची, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या विकराची. त्याचं नाव पेनिसिलिन अ‍ॅसायलेज. साधं पाणी, सामू आठच्या आसपास, तापमान जास्तीत जास्त आपल्या अंगाइतकं, म्हणजे ३७ अंश. एंझाइम नेमकी ती चिवट साखळी कापतं आणि कड्याला हात लावत नाही.

आज जगात जवळजवळ सगळं ६-एपीए या दुसऱ्या वाटेने तयार होतं. मग वाद कशाचा, असं कुणी विचारील. वाद आमच्या घरात आहे. माझा धाकटा भाऊ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बल्क ड्रगच्या कारखान्यात उत्पादन विभागात उभा राहिलेला माणूस. माझी मुलगी पुण्यात एंझाइमवर संशोधन करते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे दोघांचं बोलणं मला कळतं, आणि दोघंही मला आपल्या बाजूला ओढतात. इथे मी त्यांचं बोलणं शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत मांडते आहे, कारण हिरव्या रसायनशास्त्राबद्दल जे गोड गोड लिहिलं जातं त्यात मामाच्या बाजूचा माणूस सहसा नसतोच.

भाची: मामा, तुम्ही उणे चाळीसच्या बॅच चालवल्या आहेत. पेंटाक्लोराइडचे ड्रम उघडले आहेत. खरं सांगा, पुन्हा चालवाल?

मामा: चालवीन. का नाही? मला ती रिअ‍ॅक्शन ठाऊक आहे. थंडाव्याची ब्राइन कधी दगा देते, वाफ कुठून सुटते, कुठल्या बॅचला किती यील्ड येणार, हे मी जॅकेटला हात न लावता सांगू शकतो. तुमचं एंझाइम म्हणजे एका प्रथिनाच्या मर्जीवर शंभर किलोचा माल. रात्रपाळीला सामू घसरला की संपलं.

भाची: सामू घसरू नये म्हणून अमोनियाचा डोस आपोआप पडतो. त्याचं आता कुणाला विशेष वाटत नाही. तुम्ही यादी बघा. पाचशे टन ६-एपीए करायला दोन्ही वाटांनी सुमारे हजार टन पेनिसिलिन जी, म्हणजे मूळ पेनिसिलिन, लागतं, ते बाजूला ठेवा. रासायनिक वाटेवर त्याशिवाय सुमारे आठशे टन डायमिथिल अ‍ॅनिलीन, सहाशे टन पेंटाक्लोराइड, तीनशे टन ते सिलिकॉनचं संयुग, दीडशे टनांवर अमोनिया. डायक्लोरोमिथेन बेचाळीसशे घनमीटर आणि ब्यूटेनॉल तितकंच. एंझाइमच्या वाटेवर? पंचेचाळीस टन अमोनिया आणि एखादा टन एंझाइम बसवलेले मणी.

मामा: आणि?

भाची: आणि पाणी.

मामा: किती पाणी?

भाची: सुमारे दहा हजार घनमीटर.

मामा: हं. हे वाक्य तुमच्या स्लाइडवर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असतं. एक किलो मालाला वीस लिटर पाणी. शिवाय तू बेचाळीसशे घनमीटर डायक्लोरोमिथेन म्हणालीस, जणू ते सगळं खाडीत जातं. अगं, ते चाळीस अंशाला उकळतं. आम्ही ते ऊर्ध्वपातनाने परत घ्यायचो आणि पुढच्या बॅचला वापरायचो. तेच वीस लिटर पाणी तू परत घेणार आहेस का? एक किलो पाण्याची वाफ करायला जितकी उष्णता लागते, तिच्या सातव्या हिश्शात एक किलो डायक्लोरोमिथेन उडतं. पाणी स्वस्त आहे म्हणून ते हिरवं झालं का?

मामाच्या या मुद्द्यापाशी थोडं थांबते, कारण बोलणाऱ्याला त्याची धग माहीत आहे. तारापूरला, महाडला, लोटे-परशुरामला, कुरकुंभला कारखान्यातलं पाणी आधी कारखान्याच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, आणि मग बहुतेक ठिकाणी सामायिक यंत्रणेत, सीईटीपीत, जातं. तिथले जिवाणू सेंद्रिय मळ खातात, विरघळलेले क्षार खात नाहीत. सामू धरून ठेवण्यासाठी घातलेलं अमोनिया किंवा कॉस्टिक शेवटी क्षार होऊन पाण्यात राहतं. क्षार फार झाले की पाणी बाष्पीभवनाच्या यंत्रात घालावं लागतं, आणि त्या यंत्राच्या बॉयलरखाली बहुधा कोळसा असतो. पाण्यातली रिअ‍ॅक्शन म्हणजे निर्मळ रिअ‍ॅक्शन, असं मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे. प्रयोगशाळेच्या सिंकपुढचं पाणी कुठे जातं, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

भाची: पाण्याचं मला मान्य आहे. १९९२ साली रॉजर शेल्डन यांनी ई-फॅक्टर मांडला, एक किलो मालामागे किती किलो कचरा. त्यात त्यांनी पाणी धरलं नव्हतं, आणि त्याचा आमच्या क्षेत्राला फायदा झाला हे खरं. कोलेस्टेरॉलच्या अ‍ॅटॉर्वास्टॅटिनमधला एक महत्त्वाचा टप्पा कोडेक्सिस कंपनीने एंझाइमने केला, त्याला २००६ चा अमेरिकेचा हरित रसायन पुरस्कार मिळाला. त्याचा ई-फॅक्टर पाणी सोडून ५.८, आणि पाणी धरून १८. दोन्ही आकडे त्यांनी स्वतःच छापले. मला तो प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो.

मामा: मलाही वाटतो. पण भाषणात पहिलाच आकडा येतो.

भाची: ठीक. पण सॉल्व्हंटचं तुम्ही म्हणता तितकं सोपं नाही. परत घेतलेल्या डायक्लोरोमिथेनमधलं काही दर फेरीला हवेत जातंच. माणसाला त्याने कर्करोग होण्याचा संभव आहे, असं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण सांगतं. डायमिथिल अ‍ॅनिलीन कातडीतून शिरतं. फॉस्फरस तर परत मिळतच नाही; तो फॉस्फेट होऊन तुमच्याच ईटीपीत येतो. आणि उणे चाळीस तापमान फुकट मिळत नाही. चिलिंग प्लांटचं बिल तुम्हीच भरत होता.

मामा: बिल मालक भरत होता. डोळे आमचे चुरचुरत होते. तेवढं तुझं खरं.

भाची: आणखी एक आहे. एंझाइमने कापलेली बाजूची साखळी फेनिल अ‍ॅसिटिक आम्ल म्हणून जशीच्या तशी सुटते. ती वेगळी काढून परत पेनिसिलिनच्या बुरशीला खायला घालता येते, कारण बुरशी पेनिसिलिन जी बनवताना तेच आम्ल वापरते. रासायनिक वाटेवर तीच साखळी वेगळ्या संयुगांच्या गाळात अडकते.

इथे मला इतिहास सांगायला हवा, कारण तो दोघांच्याही हट्टाला पुरून उरतो. ६-एपीए हे १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये बीचम कंपनीच्या संशोधकांनी वेगळं केलं. जिवाणूंमधलं एंझाइम पेनिसिलिनपासून ते बनवू शकतं, हे १९६० पर्यंत माहीत झालं होतं. म्हणजे एंझाइमची वाट आधीची. तरीही १९७० च्या सुमारास हॉलंडमधल्या डेल्फ्टची, उणे चाळीस अंशांची रासायनिक वाट आली आणि जिंकली. कारण अगदी कारखान्याचं होतं. जिवाणूंच्या पेशी किंवा त्यांचा अर्क पाण्यात सोडायचा, काम झालं की तो मालापासून वेगळा करता येत नसे. प्रथिनांचे अंश औषधात उतरत, आणि प्रथिन औषधात राहिलं तर ॲलर्जीची भीती. शिवाय दर बॅचला महागडं एंझाइम फेकून द्यावं लागे.

एंझाइम परत आलं १९८० च्या दशकात, कारण मधल्या काळात त्याला बांधून ठेवायची युक्ती पक्की झाली होती. १९६९ साली जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने अमिनो आम्लं वेगळी करणारं एंझाइम घन पदार्थावर बसवून कारखान्यात चालवलं. बांधलेल्या एंझाइमचा उद्योगातला तो पहिला वापर. पेनिसिलिन अ‍ॅसायलेज अशाच राळेच्या मण्यांवर रासायनिक बंधाने बसवलं गेलं. रिअ‍ॅक्टरच्या तळाला जाळी. द्रव खाली निघून जातो, मणी आत राहतात. तेच मणी शेकडो बॅचना पुरतात. एंझाइम तेच, रासायनिक गुण तोच. फरक पडला तो जाळीमुळे आणि मण्यांमुळे. हे मुलीला सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी मामाची बाजू घेते आहे, आणि मामाला वाटलं तिची.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला, आणि देशाचं पेनिसिलिन तिथे बनू लागलं. पुढे तिथल्या संशोधकांनी आणि पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिन अ‍ॅसायलेजवर चिकाटीने काम केलं. कुठला जिवाणू घ्यायचा, एंझाइम कशावर बांधायचं, किती फेऱ्यांनंतर त्याचा जोर ओसरतो, हे सगळं पुण्यात तपासलं गेलं. आज पिंपरीत ते पेनिसिलिन बनत नाही. चिनी मालाच्या भावापुढे भारतातलं पेनिसिलिन जी बंद पडत गेलं, आणि २०२० मध्ये केंद्र सरकारला कच्च्या औषधांसाठी प्रोत्साहन योजना आणून त्यात पेनिसिलिन जीचं नाव पुन्हा घालावं लागलं.

मामा: हेच मी म्हणतो. पिंपरीची माणसं काय कमी हुशार होती? एंझाइम त्यांच्याकडे होतं. ते असूनही कारखाना टिकला नाही, कारण किलोमागचा भाव दुसरीकडे ठरत होता.

भाची: म्हणजे एंझाइम वाईट असं होत नाही.

मामा: नाही होत. पण ‘स्वच्छ म्हणून स्वस्त’ हे तुमचं वाक्य खोटं पडतं. स्वस्त व्हायला प्रचंड प्रमाण लागतं. माझ्यासारख्याच्या कारखान्यात सोमवारी एक माल, गुरुवारी दुसरा. तेच काचेच्या अस्तराचे रिअ‍ॅक्टर, तीच सेंट्रिफ्यूज. रसायन कुठल्याही रिअ‍ॅक्टरमध्ये चालतं. एका रेणूसाठी बनवलेलं एंझाइम पुढच्या रेणूला उपयोगी नाही.

भाची: हे वीस वर्षांपूर्वी खरं होतं. आता एंझाइम बदलता येतं. आईची गोळी घ्या.

माझी मधुमेहाची गोळी म्हणजे सिटाग्लिप्टिन. भारतात तिचं पेटंट २०२२ मध्ये संपलं, आणि आता अनेक कंपन्या ती बनवतात. तिच्या शोधकर्त्या मर्क कंपनीने ती आधी ऱ्होडियम धातूच्या उत्प्रेरकाने, दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये बनवली. मग कोडेक्सिसबरोबर काम करून हा टप्पा एंझाइमवर आणला. त्याचा शोधनिबंध २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मुलीचं हे आवडतं उदाहरण. मामाने त्यालाही सोडलं नाही.

भाची: निसर्गात त्या रेणूवर काम करणारं एंझाइमच नव्हतं. जे जवळचं होतं त्याच्या पोकळीत हा मोठा रेणू शिरतच नव्हता. त्यांनी संगणकावर पोकळीचा आकार पाहिला, आधी एका छोट्या नातेवाईक रेणूवर एंझाइमला सरावलं, मग एकेक अमिनो आम्ल बदलत अकरा फेऱ्या केल्या. शेवटच्या एंझाइममध्ये सत्तावीस बदल होते. एका लिटरमध्ये दोनशे ग्रॅम कच्चा माल ते खातं, आणि रेणूच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी हवं तेच देतं, नव्याण्णव टक्क्यांच्याही वर.

मामा: कुठल्या द्रवात?

भाची: ...अर्धं पाणी, अर्धं डीएमएसओ.

मामा: अर्धं सॉल्व्हंट! एंझाइमची सगळी ख्याती पाण्यातल्या कामाची, आणि शेवटी ते अर्ध्या डीएमएसओत. कचरा किती कमी झाला?

भाची: एकूण कचरा एकोणीस टक्के.

मामा: एकोणीस.

भाची: एकोणीसच, हो. पण त्याच्या बरोबर काय गेलं ते बघा. ऱ्होडियम पूर्ण गेला, आणि तो मालातून काढण्यासाठीची धडपडही. दाबाखालचा हायड्रोजन गेला. यील्ड दहा ते तेरा टक्क्यांनी वाढलं, आणि त्याच कारखान्यातून दर दिवशी दर लिटरमागे निघणारा माल त्रेपन्न टक्क्यांनी वाढला. तुम्ही दाबाखालचा हायड्रोजन हाताळला आहे. तो तुमच्या ताळेबंदात किती टक्क्यांनी धरायचा?

मामाने यावर लगेच उत्तर दिलं नाही. हायड्रोजनच्या ऑटोक्लेव्हशेजारी उभं राहिलेल्या माणसाला तो प्रश्न आकड्यात सांगता येत नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मला यात दुसरंही काही दिसतं. हीच ऱ्होडियमची वाट २००६ मध्ये हरित रसायन पुरस्काराची मानकरी होती. चार वर्षांनी एंझाइमच्या वाटेला तोच पुरस्कार मिळाला. म्हणजे हिरवेपणा हा तुलनेने मोजायचा गुण आहे, आणि तुलना कुणाशी करतो यावर सगळं ठरतं. पेनिसिलिनच्या बाबतीत एंझाइमची तुलना पेंटाक्लोराइडशी होती, म्हणून विजय दणदणीत झाला. सिटाग्लिप्टिनच्या बाबतीत तुलना आधीच सुधारलेल्या रसायनाशी होती, म्हणून एकोणीस टक्के. दोन्ही खरे आहेत. पण वर्तमानपत्रातला एकच मथळा दोन्हींना लागू होत नाही.

एंझाइमला सॉल्व्हंटमध्ये जगायला शिकवण्याची कल्पनाही तशी नवी नाही. फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये सब्टिलिसिन हे एंझाइम अशा तऱ्हेने बदललं की साठ टक्के डायमिथिल फॉर्मामाइडमध्ये ते मूळ एंझाइमच्या सुमारे २५६ पट काम करू लागलं. यादृच्छिक बदल करायचे, त्यातले चांगले निवडायचे, पुन्हा बदल करायचे. या पद्धतीसाठी २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मामाच्या आक्षेपाचं उत्तर एका अर्थी तिथेच आहे. जुना प्रश्न असा असायचा की एंझाइमला कुठला कारखाना सोसेल. आता कारखान्याला हवं तसं एंझाइम घडवता येतं. अर्थात ते घडवायला पैसा, वेळ आणि परवाने लागतात.

मामा: आणि माणसांचं काय? तुमच्या एंझाइमच्या भुकटीने इंग्लंडमधल्या धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात कामगारांना दमा झाला होता. साठच्या दशकाच्या शेवटी. तेही ‘नैसर्गिक’ होतं.

भाची: झाला होता. म्हणूनच त्या भुकटीचे आवरण घातलेले दाणे करू लागले. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं मी कधीच म्हणणार नाही. ॲलर्जी देणं हा प्रथिनाचा स्वभावच आहे.

मामा: तू म्हणणार नाहीस. तुमचं माहितीपत्रक म्हणतं.

भाची: बरं, माझी बाजू सांगते, मग तुम्ही मोडा. मला एंझाइम नैसर्गिक आहे म्हणून आवडत नाही. ते एकच काम करतं म्हणून आवडतं. रसायनशास्त्रात अर्धी मेहनत जपण्यात जाते. इथला गट झाका, तिथला उघडा, थंड करा, गरम करा, मधला माल वेगळा काढा, वाळवा. दर टप्प्याला सॉल्व्हंट, दर टप्प्याला मदर लिकर, म्हणजे माल काढल्यावर उरलेला द्रव. एंझाइम नेमकं असेल तर झाकणं-उघडणं गळून पडतं, आणि मग मधला मालही वेगळा काढावा लागत नाही. एचआयव्हीवरचं इस्लाट्राविर हे औषध २०१९ मध्ये मर्कने असं बनवून दाखवलं. नऊ एंझाइम, त्यातली पाच घडवलेली, आणि मधलं काहीच वेगळं काढलं नाही.

मामा: हे मात्र मला पटतं. गाळणं आणि वाळवणं, यातच अर्धा कारखाना जातो. मधला माल वेगळा काढायचा नाही म्हटलं तर दोन सेंट्रिफ्यूज आणि एक ड्रायर बंद. पण नऊ एंझाइमचा खेळ किलोत वेगळा आणि टनात वेगळा.

भाची: टनातलं हवं असेल तर अ‍ॅक्रिलामाइड घ्या. तांब्याच्या उत्प्रेरकाने, शंभर अंशाच्या आसपास ते बनायचं. उरलेलं अ‍ॅक्रिलोनायट्राइल परत काढावं लागे, तांबं काढावं लागे. जपानमध्ये क्योतो विद्यापीठाच्या हिदेआकी यामादा यांनी नायट्राइल हायड्रेटेज हे एंझाइम असलेले जिवाणू शोधले, आणि नित्तो केमिकलने १९८५ मध्ये कारखाना सुरू केला. थंड पाण्यात जवळपास शंभर टक्के रूपांतर. वर्षाला हजारो टन. औषधासारखा महागडा माल नाही, साधं बल्क रसायन.

मामा: त्याचं पॉलिअ‍ॅक्रिलामाइड आम्ही ईटीपीत गाळ बसवायला टाकतो. पॉली म्हणतो आम्ही. ते एंझाइमचं असतं?

भाची: बरंचसं असतं.

मामा: आणि अ‍ॅक्रिलोनायट्राइल कशापासून बनतं?

भाची: प्रॉपिलीन आणि अमोनिया. म्हणजे खनिज तेल आणि नैसर्गिक वायू. तुम्ही कुठे नेताय ते कळलं. एंझाइम त्या साखळीतला एकच दुवा बदलतं. पुढचं मागचं सगळं तसंच.

मामा: बस, एवढंच. तो दुवा चांगला आहे. पण दुव्याला ‘हरित कारखाना’ म्हणू नका.

माझं मत आता सांगते, कारण गप्प बसून तटस्थपणा दाखवायचा मला हक्क नाही. पेनिसिलिनच्या बाबतीत माझी मुलगी बरोबर आहे, निःसंशय. पेंटाक्लोराइड आणि डायमिथिल अ‍ॅनिलीनच्या जागी अमोनिया आणि मणी येणं ही कामगाराच्या फुप्फुसांची आणि नदीच्या पाण्याची सुटका आहे, आणि ती मिळवायला तीस वर्षं लागली. पण पुढच्या प्रत्येक रेणूसाठी मला मामाचे प्रश्न पाण्यापासून विचारलेले हवे आहेत. संशोधक जिथे थांबतात ते ठिकाण म्हणजे रिअ‍ॅक्टरचा तळाचा व्हॉल्व्ह. मामाचा अनुभव त्या व्हॉल्व्हच्या खाली सुरू होतो. आपल्याकडे या दोन माणसांची गाठ घालणारी जागा जवळजवळ नाही. विद्यापीठात पाठ्यपुस्तकातलं एंझाइम, वसाहतीत पाइपलाइनमधलं सांडपाणी.

अँटिबायोटिकच्या कारखान्याचा एक प्रश्न तर दोघांनाही आधी सुचला नव्हता, मी विचारला. एंझाइमची रिअ‍ॅक्शन कितीही निर्मळ असो, सांडपाण्यात पेनिसिलिनच उतरलं तर?

मामा: तर ईटीपीतले जिवाणूच मरतात. गाळ बसत नाही, फेस येतो. आणि त्यातून जे वाचतात ते औषधाला निगरगट्ट झालेले.

भाची: पण त्याला उपाय तुमच्या हातात आहे, मामा. बीटा-लॅक्टम कडं अल्कलीत तुटतं. सांडपाणी ईटीपीत सोडण्याआधी सामू चढवून काही वेळ धरून ठेवलं तर कडं फुटतं आणि औषधाचा जोर जातो.

मामा: म्हणजे मालात जे जपायचं, ते सांडपाण्यात मुद्दाम मोडायचं. मग अल्कली घातली की क्षार वाढले. पुन्हा बाष्पीभवन.

भाची: वाढले. म्हणून पाणी आधीच कमी हवं. मण्यांनी एका लिटरमध्ये जास्त माल करायचा, म्हणजे मागे पाणीच कमी. सिटाग्लिप्टिनमध्ये दोनशे ग्रॅम आहे ते याचसाठी. एंझाइम पातळ द्रावणातच चालतं, हा जुना समज आहे.

मामा: हे तू आधी बोलायला हवं होतंस. मला एंझाइमविषयी तक्रार नाही, पातळ द्रावणाविषयी आहे. दोनशे ग्रॅमला आपण बोलू शकतो. वीस ग्रॅमला नाही.

यानंतर ते दोघं वहीवर आले. मुलीला आपल्या कामातल्या एका साध्या टप्प्याची तुलना करायची होती, आधीच्या रासायनिक रीतीशी. तिने चार रकाने आखले: कच्चा माल, सॉल्व्हंट, एंझाइम, माल. मामाने वही आपल्याकडे ओढली.

मामा: पाणी, येणारं आणि जाणारं वेगवेगळं. जाणाऱ्यातले क्षार. परत न आलेलं सॉल्व्हंट, म्हणजे विकत घेतलेलं वजा शिल्लक. पुस्तकातला टक्का नको. ब्राइनची वीज. बाष्पीभवनाची वाफ. आणि जोर गेलेले मणी कुठे गेले ते.

भाची: मणी जाळतात.

मामा: मग जाळण्याचा रकाना.

भाची: आणि एंझाइम बनवायला जिवाणू वाढवले, त्यांना दिलेली साखर?

मामा: ती तू घाल, मला त्यातलं कळत नाही. साखरेबरोबर तिथली हवा फुंकण्याची वीजही घाल, फर्मेंटरला फार लागते असं ऐकलंय. आणि हे बघ, दोन्ही रीतींना हेच रकाने. माझ्या जुन्या रीतीलाही. तिथे मला सूट नको.